चिंचेनं धुतलेलं बटण

चौतीस वर्षं मी बटणं नापास केली. सरकारी गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासनीस होतो, आणि रोज सकाळी माझ्या टेबलावर पितळी बटणांची खोकी येऊन पडत. कडी वाकडी असली की नापास. काठ नीट दुमडलेला नसला की नापास. चकाकी कमी वाटली तर अख्खं खोकं परत. पुरवठादार तोंडावर साहेब म्हणायचे आणि जिन्यात शिव्या घालायचे. निवृत्त झालो आणि साहेब गेलं, शिव्याही गेल्या. शिव्यांचं जास्त वाईट वाटलं, कारण त्या तरी मनापासून असायच्या.

मुलगा ऑकलंडला असतो, टाकानिनीत. दरवर्षी आम्ही दोघं नवराबायको पाच-सहा महिने त्याच्याकडे काढतो. मुलगा माउंट वेलिंग्टनला ऑफिसात, सून इस्पितळात नर्स, नात शाळेत. मग दिवसभर घरात आम्ही दोघं आणि घराचं रक्षण. घराला रक्षणाची काही गरज नसते, पण असं म्हटलं की आपण रिकामटेकडे वाटत नाही. माझ्याकडे कचऱ्याच्या डब्यांचं खातंही दिलेलं आहे. कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाचं झाकण रस्त्यावर न्यायचं, एवढंच. चौतीस वर्षांच्या अनुभवाचा पुरेपूर उपयोग.

ही वस्ती नवी, यंदा आम्ही इथे पहिल्यांदाच. सगळी घरं राखाडी, सगळी दारं काळी, प्रत्येक दारापुढे तीन रोपं. तिसऱ्या दिवशी फिरून आलो, किल्ली लावली, फिरेना. वर-खाली केली, दार हलवून पाहिलं, कुलूप बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेवढ्यात आतून दार उघडलं. दारात ऐंशीच्या पुढचा एक गोरा गृहस्थ, इकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, तरी हाफ पॅंट आणि जँडल्समध्ये, म्हणजे आपल्या रबरी स्लिपरांत. माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं आणि म्हणाला, "येतोयस का आत?"

घर शेजारचं निघालं. मी आपली माफी मागत होतो, पण त्याच्या मागे गॅरेजचं दार उघडं होतं आणि आतल्या टेबलावर अंड्यांचे ट्रे मांडलेले दिसत होते. प्रत्येक खळग्यात एकेक बटण. मग कसली माफी आणि कसलं काय! मी सरळ आत गेलो.

"हे पॅंटचं," मी म्हणालो. "खांद्यावरून पट्टे लावायची पॅंट असते, तिचं. चार भोकं, मधे खोलगट. हे बायकांच्या कोटाचं, वर कापड होतं, कुजून गेलंय. हे दोन भागांचं, पुढची टोपी मागच्या चकतीवर दुमडलीये. मागे बनवणाऱ्याचं नाव असणार, पलट." त्यानं पलटलं. नाव होतं. म्हातारा माझ्याकडे असा बघत राहिला, की इतक्या वर्षांत तसं माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आमच्या हिनं तर नाहीच नाही.

"तुझा मुलगा म्हणाला होता, तू आर्मीत होतास," तो म्हणाला. "म्हणून एवढी माहिती."

यावर मी मान हलवली. कशी हलवली, ते सांगायला हवं. हो आणि नाही यांच्या बरोबर मधोमध. आपल्याकडची मान अशा प्रसंगांसाठीच बनवलेली असते. समोरच्यानं काय ते समजून घ्यावं, आणि पुढेमागे अडचण आली तर आपण काही बोललोच नव्हतो. त्या बिचाऱ्याला ही सोय ठाऊक नव्हती. त्यानं हो समजून घेतलं.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्याच्याकडे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक प्लॉट बांधायचा राहिला होता. तिथे तो मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचा, डोक्यावर हेडफोन लावून. यंत्र कुईं करून ओरडलं की मी खुरप्यानं माती उकरायची. बिल्डरच्या माणसानं त्याला परवानगी दिली होती, पण महिनाभराचीच. मग खोदकामाची मशिनं येणार होती. सापडायचं काय? खिळे, डब्यांची झाकणं, घोड्याचा अर्धा नाल. दहातून एकदा बटण. "पुण्यात भंगारवाला आला की दारातूनच हाकलून द्यायचात," ही म्हणाली, "आणि इथं स्वतःच भंगार वेचताय." मी म्हटलं, अगं, हा इतिहास आहे. ती म्हणाली, मग इतिहासाचे बूट बाहेर काढून या.

म्हाताऱ्याचा एक नियम फार कडक होता. सापडलेली वस्तू घासायची नाही. मऊ कोरडा ब्रश फिरवायचा, बस्स. त्याचं म्हणणं असं, की जमिनीत वर्षानुवर्षं पडलेल्या पितळेचा वरचा थर सडून हिरवा होतो, आणि पुष्कळदा अक्षरं त्या हिरव्या थरातच उरलेली असतात. खाली काहीच नसतं. थर गेला की अक्षरं गेली. मला हे ऐकून गंमत वाटली. आमच्याकडे हिरवं दिसलं की खोकं परत जायचं. आयुष्यभर मी ज्याला नापास म्हणालो, तेच इथे वाचायचं होतं.

एक दिवस चहा पिताना मी विचारलं, बाबा रे, या उकिरड्यात तू नक्की शोधतोयस तरी काय?  तो म्हणाला, "माझ्या बापाचा कोट."

ही सगळी वस्ती म्हणजे पूर्वी त्याच्या आजोबांची जमीन. बाप वारला तेव्हा हा चार वर्षांचा आणि बहीण दहाची. आई दोघांना घेऊन इथे आजोबांकडे राहायला आली. बापाचे कपडे तिनं मागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाकले आणि जाळले. तो खड्डा त्या शेवटच्या प्लॉटच्या कोपऱ्यात होता. हा मोठा झाल्यावर त्याच्या काकानं त्याला सांगितलं, तुझा बाप ट्रामवर कंडक्टर होता. दुसरं महायुद्ध चालू होतं, पण पायाचे तळवे सपाट म्हणून सैन्यानं घेतलं नाही. बहीण मात्र सगळ्यांना सांगते, वडील सैनिक होते. आई गेली तेव्हा पेपरातल्या निधनवार्तेत तिनं 'सैनिकाची पत्नी' असं छापून आणलं. त्यावरून दोघांचं जे वाजलं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं नाही.

"कागदपत्रं बघ ना," मी म्हटलं.

"पाहिली. आमचं आडनाव इतकं सर्रास आहे की त्या नावाचे ढीगभर सैनिक निघाले. बहिणीनं त्यातला एक निवडला. ट्रामवाल्यांच्या याद्यांत काही सापडलं नाही." कप खाली ठेवून तो म्हणाला, "सैनिक असायला माझी हरकत नाही. पण मग माझा बाप कुठे गेला? दिवसभर सपाट पायांवर उभा राहून तिकिटं देणारा एक माणूस होता ना? मला तो आठवतही नाही. निदान तो होता, एवढं तरी कुणीतरी म्हणायला हवं."

मला एकदम गलबलून आलं. मी काही फार हळवा माणूस नाही, पण आलं खरं. दुसऱ्या दिवसापासून मी खुरपं सोडून कुदळच घेऊन गेलो.

पंधरा-वीस दिवसांनी, एका शुक्रवारी, खड्ड्याच्या राखेतून ते निघालं. घुमटासारखं फुगीर, दोन भागांचं, मागे कडी शाबूत. गणवेशाचंच, माझा हात सांगत होता. वर हिरवा जाड पापुद्रा. मी म्हटलं, मी घरी नेतो, माझ्याकडे भिंग आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेड चांगला असतो, तिथे अर्धा तास बटण तिरकं करकरून पाहिलं. आणि दिसलं. टी. आर. ए. एम. पुढेही काही होतं, ते लागेना. पण ट्राम होतं, अगदी स्वच्छ.

मी कुंपणाशी धावलो आणि ओरडलो, "ट्राम!" म्हातारा जँडल्स फटफटवत आला. त्यानं भिंगातून पाहिलं, पण डोळ्यात मोतीबिंदू, त्याला नुसतं हिरवं हिरवं दिसलं. "तू पाहिलंस ना?" तो म्हणाला. "पाहिलं," मी म्हणालो. "मग झालं." त्याचे डोळे भरून आले होते. तिथूनच त्यानं बहिणीला फोन लावला, अकरा वर्षांनी पहिल्यांदा. रविवारी सकाळी ये, म्हणाला. ती येते म्हणाली.

वास्तविक बटण मी त्याच क्षणी त्याच्या हातात द्यायला हवं होतं. नाही दिलं. म्हटलं, उरलेली अक्षरं लावतो, मग रविवारी देतो. खरं कारण वेगळंच. रविवारी त्या बाईंसमोर ते भिंगाखाली ठेवून चार शब्द बोलावेत, असं माझ्या मनात होतं. कितीतरी वर्षांनी माझ्या शब्दावर कुणाचं तरी काही ठरणार होतं. संध्याकाळी सून म्हणालीसुद्धा, "बाबा, फोटो काढलात ना?" फोटो! तपासनीस कधी फोटो काढतो का? तपासनीस सांगतो आणि लोक ऐकतात. बटण मी एका वाटीत घालून खिडकीत ठेवलं.

शनिवारी ही देवाची भांडी घासते. पुण्यात घासायची, इथेही घासते. माउंट रॉस्किलच्या दुकानातून आणलेली चिंच भिजत घालायची, मीठ टाकायचं, आणि ताम्हन, पळी, निरांजन, घंटा सगळं त्यात बुडवून मग काथ्यानं खसाखसा. मी फिरून आलो तर ओट्यावर पंचा अंथरलेला आणि त्यावर सगळी देवघराची मंडळी लखलखत बसलेली. निरांजनाच्या शेजारी ते बटण.

"बघा," ही म्हणाली, "तुमचं ते हिरवं झालेलं. कसं सोन्यासारखं काढलंय!"

मी उचललं. सोन्यासारखंच होतं, जरा गुलाबीसर. खिडकीशी नेलं, भिंग लावलं. काही नाही. बारीक खड्डे पडलेलं, सपाट, कोरं. टी नाही की आर नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. विचारायची पद्धत आहे की नाही, दिसेल ते घासायचं काय, एखाद्या माणसाचा बाप होता त्यात, असं बरंच काही. ही पंच्याला हात पुसत सगळं ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, "चकाकी नाही म्हणून तुम्ही चौतीस वर्षं लोकांची बटणं परत पाठवलीत. मला काय माहीत, या एकाला चकाकी नको होती म्हणून?"

 ठेवलं कुणी होतं ते तिथे? मी. घासायचं नाही हे घरात सांगितलं होतं का? नाही. मी ते सगळं स्वतःच्या व्याख्यानासाठी राखून ठेवलं होतं. दुपारी ही जेवली नाही. मीही नाही.

रविवारी सकाळी लवकर जाऊन म्हाताऱ्याला सांगितलं. मला वाटलं, ओरडेल, निदान हाकलून तरी देईल. बटण त्यानं तळहातावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं. चेहरा अगदी उतरून गेला होता. मग म्हणाला, "तू पाहिलं होतंस ना? मग तू सांग तिला. माझं ती ऐकणार नाही. तू सैन्यातला माणूस, तुझं ऐकेल."

मला माझी ती मधोमध हललेली मान आठवली.

अकरा वाजता बहीण आली. ऐंशीच्या बऱ्याच पुढे, हातात काठी, ओठांना लिपस्टिक, कोट इस्त्रीचा. भावाला तिनं जवळही घेतलं नाही. अपराधी मनानं शिऱ्याचा डबा घेऊन आमची हीसुद्धा आली होती, आणि गॅरेजच्या कोपऱ्यात एका स्टुलावर बसली होती. म्हाताऱ्यानं बटण बहिणीच्या पुढ्यात ठेवलं. तिनं ते उजेडात धरलं. लखलखलं ते.

"किती सुंदर," ती म्हणाली. "सैनिकाचंच आहे हे. एप्रिलमधल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला मी कोटावर लावीन." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही सैन्यात होता, असं तुमच्या मुलानं याला सांगितलंय म्हणे. तुम्हीच सांगा याला."

काम किती सोपं होतं! सैन्यातला माणूस म्हणून मी नुसतं म्हणायचं, बाई, हे आमचं नव्हे, हे ट्रामचं. तिनं मानलंही असतं. एका खोट्यावर बसून खरं सांगायचं, एवढंच. म्हातारा माझ्याकडे डोळे लावून बसला होता. मला स्वतःचीच चीड आली. ज्याचा कंडक्टर बाप हरवला होता, त्याला तो मिळवून द्यायला निघालो होतो मी, तेही न झालेला सैनिक बनून.

"मी सैन्यात कधीच नव्हतो," मी म्हणालो. "गणवेशाच्या कारखान्यात बटणं तपासायचो. चौतीस वर्षं, तेवढंच काम. शुक्रवारी या बटणावर मी ट्राम हा शब्द वाचला. शनिवारी माझ्या बायकोनं ते चिंचेनं धुतलं आणि शब्द गेला. पुरावा काही नाही. मानायचं तर माना."

 म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. संपलं, असं मला वाटलं.

बहीण म्हणाली, "मग तुमचा मुलगा तसं का सांगत फिरतो?"

"लाज वाटत असेल त्याला," मी म्हणालो. "बटणं तपासणारा बाप सांगायची."

तिनं बटण खाली ठेवलं. काठी दोन्ही हातांत धरली. मग म्हणाली, "मला लाज नव्हती वाटत. आईला वाटायची. मी सहा वर्षांची होते. शाळेत बाई सगळ्यांना विचारायच्या, तुझे वडील कुठल्या आघाडीवर आहेत? मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, सैन्यात आहेत म्हण, फार लांब आहेत म्हण. मी म्हणाले. संध्याकाळी ते ट्रामवरून घरी यायचे आणि सकाळी शाळेत मी त्यांना लांब पाठवायची." तिनं काठीची मूठ फिरवली. "मग ते गेले. मग आईही गेली. आता पुरे, असं मला कुणी म्हणालंच नाही."

म्हातारा खुर्ची ओढत तिच्याजवळ सरकला. बटणाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. "ट्रामवर तू गेली होतीस कधी?"

"रविवारी न्यायचे. घंटेची दोरी मला ओढू द्यायचे. पाय सुजायचे त्यांचे. घरी आले की टबात गरम पाणी घालून मी द्यायची."

"आणखी सांग," तो म्हणाला.

ती सांगत गेली. ऐंशीच्या पुढचा तो माणूस तोंड उघडं ठेवून ऐकत होता. आमच्या हिनं बशीत शिरा वाढून दोघांच्या मधे ठेवला आणि मला डोळ्यांनीच दाराकडे चला म्हणून खुणावलं. आम्ही निघालो.

चार पावलांवर आमचं दार. तेवढ्या चार पावलांत मला आठवलं, तेही नको असताना. मुलगा पहिलीत होता. शाळेत विचारणार होते, वडील काय करतात. मी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावत त्याला पढवलं होतं, कारखान्यात बटणं तपासतात असं म्हणू नकोस, डिफेन्समध्ये आहेत म्हण. शहाणं पोर. तसंच म्हणालं. मोठा झाल्यावर डिफेन्सचं आर्मी झालं, एवढाच काय तो फरक.

मुलगा ओट्याशी कांदा चिरत होता. मी म्हटलं, "ते आर्मीचं आता बंद कर. बाबा बटणं तपासायचे म्हण."

त्यानं सुरी खाली ठेवली. "मला त्यात कधीच काही वाटलं नाही, बाबा," तो म्हणाला. "मला वाटायचं, खरं सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल. म्हणून सांगत आलो."

मी पुन्हा चपला घातल्या. ही म्हणाली, आता कुठे? तसाच शेजारी गेलो. बहीणभाऊ अजून बोलत होते, शिरा अर्धा संपला होता. दारातच उभं राहून त्या बाईंना म्हटलं, मघाशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. लाज माझ्या मुलाला नव्हती, मला होती.